शुगर असली की जखम लवकर का भरत नाही?

लांजीकडे धानाची रोवणी लागली की दिवसभर अनवाणी पाय बांधीच्या चिखलात. इतरांचा ओरखडा आठवड्याभरात भरतो, शुगरवाल्याचा चिघळत जातो. कारण काय?

कातडी फाटली की प्लेटलेट आणि आसपासच्या पेशी निरोप देणारी प्रथिनं सोडतात. त्यातलं एक ईजीएफ. ते काठावरच्या पेशींच्या रिसेप्टरला चिकटतं. मग त्या पेशी वाढतात आणि सरकत सरकत उघडा भाग झाकतात. मधुमेहात जखमेची सूज ओसरत नाही. प्रथिनं तोडणारी एन्झाइम वाढतात आणि निरोप पोचण्याआधीच त्याचे तुकडे पडतात. काठ जाड होऊन तिथेच अडतो.

ईजीएफच्या शोधासाठी स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. हैदराबादच्या भारत बायोटेकनं त्याचं जेलही आणलं. पण आधी साखर ताब्यात हवी, मेलेली कातडी काढलेली हवी, जखमेवर भार नको. जेल त्यानंतर, तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

✅ बांधीतून आल्यावर पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.
✅ तळवे रोज बघा. नसा बधिर झाल्या की काटा रुतलेलाही कळत नाही.
🚩 काळेपणा, घाण वास, ताप? त्याच दिवशी दवाखाना गाठा.

#मधुमेह #पायांची_काळजी