अनिश्चिततेचे ओझे

मनावरील ताण हा सर्वस्वी मनाचाच विषय होय, अशी समजूत अलीकडे रूढ झाली आहे. बँका, शाळा, कचेऱ्या यांतून ताणमुक्तीची शिबिरे भरतात. व्याख्याते दीर्घ श्वसनाचा आणि ध्यानाचा उपदेश करतात. श्रोते टाळ्या वाजवून घरी परततात, तो कर्जाचा हप्ता, मुलीच्या प्रवेशाची फी आणि रखडलेली थकबाकी उंबरठ्यावर उभीच असतात. दीर्घ श्वसन निरुपयोगी आहे असे नव्हे. परंतु ज्या चिंतेचे मूळ पाकिटात वा पंचांगात आहे, ती नाकपुडीवाटे बाहेर पडत नाही, एवढे मान्य करण्यास हरकत नसावी.

तामिळनाडूतील ऊसकऱ्यांविषयीचे एक संशोधन या संदर्भात मननीय आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ यांनी ते २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ४६४ शेतकऱ्यांची बुद्धीची व अवधानाची चाचणी तोडणीपूर्वी आणि तोडणीनंतर अशी दोनदा घेण्यात आली. तोडणीपूर्वी हात आखडलेला, दागिना गहाण पडलेला, उधारी वाढलेली. तोडणीनंतर हाती पैसा. तोच माणूस पहिल्या खेपेस चाचणीत मागे पडला. कारखान्याच्या सोयीनुसार तोडणी महिनोन्‌महिने चालत असल्याने एकाच दिवशी एकाचा ऊस गेलेला असे आणि दुसऱ्याचा उभा. तेव्हा हा फरक ऋतुमानाचा म्हणून झटकून टाकता येत नाही. पैशाची विवंचना विचारशक्तीचाच काही भाग व्यापून टाकते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

पुढे २०१६ साली अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातील लोकांच्या चाचण्या पगाराच्या दिवसाआधी व नंतर घेतल्या गेल्या, तेव्हा मात्र असा फरक आढळला नाही. यावरून पहिले संशोधन खोटे ठरवण्याची घाई काहींनी केली. पण या दोन माणसांत एक मोठे अंतर आहे. पगारदाराची ओढाताण खरी असली, तरी तिचा शेवट कोणत्या तारखेला होणार हे त्याला ठाऊक असते. ऊसकऱ्याला ते ठाऊक नसते. जोखीम मोजता येते, अनिश्चितता मोजता येत नाही, हा भेद फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ सालीच मांडला होता. माणूस मोजता येणाऱ्या तुटीशी कसाबसा जुळवून घेतो. त्याची झोप उडते ती न मोजता येणाऱ्या तुटीने.

महाराष्ट्रातील अलीकडच्या घटना या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन उरले नाही. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये झालेल्या संपात अनेकांना केवळ लोभ दिसला. म्हातारपणी हाती किती पडेल हे आज सांगता न येण्याची धास्ती मात्र फारशी कुणाला दिसली नाही. राज्यसेवा पूर्वपरीक्षा आधीच अनेकदा लांबली असताना, १४ मार्च २०२१ ची परीक्षा अवघे तीन दिवस आधी पुढे ढकलण्यात आली आणि पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. खोलीचे भाडे, खानावळीचे पैसे आणि गावाकडून येणारा ‘निकाल कधी?’ हा प्रश्न यांना पुढे ढकलण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

व्यक्तीच्या हाती थोडेच असते, पण ते क्षुल्लक नाही. देणी-येणी तारखांसह कागदावर मांडली, आणि मुख्य म्हणजे तो कागद घरात सर्वांना दाखवला, की मोघम भीतीला निदान आकडा मिळतो. कर्त्या पुरुषाने आकडा लपवावा, ही आपल्याकडील जुनी आणि घातक रीत आहे. झोप आणि अन्न तुटण्याइतकी पाळी आली, तर वैद्यकीय मदत घेण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

बाकीचे काम संस्थांचे आहे, आणि त्याला नमुना उपलब्ध आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक असून, विलंब झाल्यास १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. ती अनेकदा कागदावरच राहते, हे खरे. पण वाट पाहण्याला मोल आहे, हे तिथे कायद्याने तरी मानले. तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे मानधन चार-चार महिने रखडते, त्यावर कुणाला व्याज मिळाल्याचे ऐकिवात नाही.