वेतनातील करकपात, पति-पत्नींची
वेतनधारकाच्या वर्षभराच्या उत्पन्नाचा अंदाज करून त्यावरील प्राप्तिकर नियोक्त्याने दरमहा वेतनातूनच कापून घेणे व तो शासनाकडे भरणे, यास वेतनातील उद्गमस्थानी करकपात म्हणतात. पति-पत्नी दोघेही नोकरी करीत असल्यास ही कपात दोन नियोक्ते परस्परांना अनभिज्ञ राहून करतात. घर, कर्ज, भाडे व ठेवी मात्र बहुधा सामाईक असतात. कापलेला कर आणि अखेरीस देय ठरणारा कर यांत तफावत पडण्याचे मुख्य कारण हेच होय.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दांपत्याला संयुक्त विवरणपत्र भरून करभार वाटून घेण्याचा लाभ १९४८ पासून मिळतो. तेथे स्वतंत्र विवरणपत्र भरणाऱ्या विवाहितास नियोक्त्याकडे द्यावयाच्या प्रपत्रात अविवाहितांच्याच रकान्यात खूण करावी लागते. भारतात असा विकल्प नाही. येथे व्यक्ती हा आकारणीचा घटक असून विवाहाने तो बदलत नाही. हिंदू अविभक्त कुटुंब हा वेगळा घटक मानला जातो.

भारतात प्राप्तिकर १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी आणला. १९२२ च्या अधिनियमात वेतनातून कर कापण्याची तरतूद कलम १८ मध्ये होती. मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने तेथे ती लागू नव्हती. हैदराबाद संस्थानाने १३५७ फसलीत स्वतःचा प्राप्तिकर कायदा केला. भारतीय कायदा तेथे १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. पुढे १९६१ च्या अधिनियमाचे कलम १९२ वेतनातील कपातीचा आधार होते. १ एप्रिल २०२६ पासून अमलात येणाऱ्या २०२५ च्या अधिनियमात ही तरतूद कलम ३९२ मध्ये आहे.

कपातीची रीत सरासरीची आहे. वर्षाचा अंदाजित कर बारा महिन्यांवर विभागला जातो आणि मध्येच अंदाज बदलल्यास उरलेल्या महिन्यांच्या कपातीत वाढ वा घट केली जाते. समजा, एखाद्याने ठेवींवरील व्याज नियोक्त्यास कळविले नाही व त्यामुळे २४,००० रु. कर कमी धरला गेला. ऑक्टोबरच्या वेतनापूर्वी ही माहिती दिल्यास मार्चपर्यंत दरमहा ४,००० रु. जादा कापले जातील. मार्चमध्ये दिल्यास सारा बोजा एकाच वेतनावर पडेल. मुळीच न दिल्यास, आणि उर्वरित देय कर १०,००० रु. वा अधिक असल्यास, आगाऊ कर न भरल्याबद्दल व्याज द्यावे लागते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. पती वाळूज औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात नोकरीस असून पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सिडको भागातील राहते घर व त्यावरील कर्ज दोघांच्या नावे निम्मे-निम्मे आहे. पतीचा कर कारखान्याचा लेखाविभाग कापतो, तर पत्नीचा आहरण व संवितरण अधिकारी. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट प्रत्येक सहमालकास २ लाख रुपयांपर्यंत मिळते. वर्षाचे व्याज ३ लाख रु. असेल, तर प्रत्येकाचा वाटा दीड लाखाचा होय. परंतु बँकेचा दाखला एकच असतो आणि त्यावर आकडा ३ लाखांचा असतो. दोघांनी तोच दाखला आपापल्या कार्यालयात जोडला, की प्रत्येक नियोक्ता २ लाख मान्य करतो व ३ लाखांच्या व्याजावर ४ लाखांची वजावट घडते. यात लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा ती केवळ बेफिकिरी असते, पण कमी भरलेला कर पुढे व्याजासह वसूल होतो. घोषणापत्रात मालकीचा हिस्सा स्पष्ट लिहिणे, हा यावरील साधा उपाय आहे. भाड्याच्या घराबाबतही हेच लागू पडते : एकाच भाड्यावर दोघांना पूर्ण सवलत मिळत नाही, ज्याने जेवढे भाडे प्रत्यक्ष दिले तेवढेच त्याचे.

जुनी वा नवी करपद्धती निवडण्याचा अधिकारही पति-पत्नींना स्वतंत्रपणे असतो. कर्जाचे व्याज व विमा यांचा भार असलेल्याने जुनी आणि दुसऱ्याने नवी पद्धती घ्यावी, यास कायद्याची आडकाठी नाही. मात्र नवी पद्धती मूलतः गृहीत धरली जात असल्याने जुनी हवी असणाऱ्याने तसे नियोक्त्यास कळवावे लागते.

स्वतंत्र आकारणीचे परिणाम सर्व कुटुंबांवर सारखे नसतात. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीच्या दरांनी प्रत्येकी १२,७५,००० रु. वेतन असलेल्या दांपत्यास काहीच कर पडत नाही. तेच २५,५०,००० रु. एकट्याने मिळविल्यास उपकरासह ३,३५,४०० रु. कर द्यावा लागतो. घरी राहणाऱ्या जोडीदाराच्या श्रमाची कायद्याने दखल न घेतल्याचा आक्षेप यातूनच उद्भवतो. उलटपक्षी, संयुक्त आकारणीत पत्नीच्या पहिल्या रुपयावरही पतीच्या वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो व नोकरी करण्याचा तिचा उत्साह मावळतो, हेही तितकेच खरे.

उत्पन्न जोडीदाराच्या नावे वळवून कर टाळण्याचा मार्ग १९३७ च्या दुरुस्तीने अडविला गेला. तिची वैधता अकोला येथील प्राप्तिकर अधिकाऱ्याविरुद्धच्या बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये मान्य केली. पतीने मोबदल्याविना पत्नीस दिलेल्या पैशाच्या ठेवीवरील व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळविले जाते. ते व्याज पुन्हा गुंतविल्यास त्यावरील उत्पन्न मात्र पत्नीचे. बँक अशा ठेवीवरील कर पत्नीच्या नावे कापते. त्यामुळे उत्पन्न एकाचे आणि कपातीची नोंद दुसऱ्याची, अशी स्थिती होते. कापलेल्या कराचे श्रेय पतीस मिळावे, यासाठी पत्नीने बँकेकडे तसे निवेदन द्यावयाचे असते.

गोव्यात नियम वेगळा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार संपत्तीची समाईकी लागू असलेल्या दांपत्याचे घरभाडे, व्याज इ. उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. १९६१ च्या अधिनियमात यासाठी १९९४ साली कलम ५अ घालण्यात आले व ते १ एप्रिल १९६३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केले गेले. वेतन यातून वगळले आहे. ते मिळविणाऱ्याचेच राहते. म्हणून पणजीतील नोकरदार पतीने स्वतःच्या नावावरील ठेवीचे निम्मेच व्याज आपल्या नियोक्त्यास कळवावयाचे असते. उरलेले निम्मे पत्नीच्या उत्पन्नात धरले जाते आणि त्यावर बँकेने कापलेल्या कराचे श्रेयही त्याच प्रमाणात वाटले जाते. [→ प्राप्तिकर].