तीन मिनिटांचे पलुस्कर

पं. द. वि. पलुस्कर गेले तेव्हा अवघे चौतीस वर्षांचे होते. साल १९५५. टेपरेकॉर्डर घरोघरी पोचायला अजून बराच अवकाश होता. त्यामुळे नाशिकमध्ये जन्मलेल्या या गायकाचा आवाज पुढच्या पिढ्यांनी ऐकला तो मुख्यतः ध्वनिमुद्रिकांवरून. पहिली तबकडी १९४४ची. म्हणजे हाती लागली ती जेमतेम अकरा वर्षं. नाशिकमध्ये रेकॉर्ड ऐकण्याची बैठक भरवायची, तर पहिली तबकडी कुणाची लावायची यावर वाद नको.

संग्राहक म्हटला की कपाटाला कुलूप, असा एक समज आहे. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली आणि तिने तो बराचसा खोटा ठरवला. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रवणबैठका भरवल्या, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवलं. आपल्याकडची दुर्मीळ तबकडी चार जाणकारांत वाजवायची आणि तिच्याबद्दल बोलायचं, हे त्या बैठकांचं साधं सूत्र.

दहा इंची ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, तबकडी एका बाजूला साधारण तीन मिनिटं वाजते. मैफलीत तासभर फुलणारा राग तेवढ्यात बसवायचा! आलाप आटोपशीर, तानाही मोजक्याच. पलुस्करांची नितळ, सुरेल गायकी या चौकटीत कुठेही घाईची वाटत नाही, आणि ही गोष्ट सगळ्याच मोठ्या गायकांना जमलेली नाही. केसरबाई केरकरांना ती जमली होती. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली त्यांची भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे.

बैठकीत गौहरजान निघाली, तर शेवटपर्यंत ऐकावं. १९०२ मध्ये कोलकात्यात तिचं ध्वनिमुद्रण झालं, पण तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळावं, म्हणून गाणं संपताच ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. पुढच्या काळात ते नाव हीच तिची ऐट वाटू लागली.

१९४८ मध्ये अमेरिकेत व्हिनाइलची एलपी आली आणि एका बाजूला वीसएक मिनिटं मिळू लागली. एलपी लावून चहा घेता येतो. ७८च्या बैठकीत मात्र एक जण यंत्रापाशी उभाच लागतो: चावी द्या, तबकडी उलटा, दर बाजूला पोलादी पिन बदला. ऐकणाऱ्यांना त्या मधल्या मिनिटात बोलायला मिळतं, आणि खरी रंगत तिथेच येते. म्हणून पाहुण्यांनी ढीगभर तबकड्या आणू नयेत. प्रत्येकी दोन पुरे.

तबकड्या माळ्यावरून काढायच्या असतील, तर थोडी काळजी घ्या. एलपीची बारीक सुई ७८वर चालवू नका. ७८ची खाच सुमारे तिप्पट रुंद असते, सुई तिच्या तळाशी जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. पोलादी पिन तर एलपी खरवडूनच काढील. तबकड्या उभ्या ठेवा. एप्रिलच्या उन्हात तापणाऱ्या माळ्यावर व्हिनाइल वाकतं. आणि ७८ला स्पिरिट मुळीच लावू नका. ती तबकडी लाखेची असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.