सवंगडी, धृती आणि किशोरवयातील साहस

देवळा परिसरात एकाच दुचाकीवर तिघे किशोरवयीन स्वार झालेले दिसणे नित्याचे आहे. त्यांतील एखादा पडून जखमी झाला की पालक आम्हांस हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, घरी इतका समंजस असणारा पोरगा मित्रांत गेला की असा कसा वागतो?"

त्याला समज नाही, हे उत्तर सोयीचे असले तरी अपुरे आहे. २००५ मध्ये मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी ३०६ व्यक्तींना संगणकावर वाहन चालविण्याचा खेळ दिला. एकट्याने खेळताना किशोर व प्रौढ यांच्या जोखमीत फारसे अंतर नव्हते. समवयस्क जवळ असता मात्र १३ ते १६ वर्षांच्या मुलांची जोखीम सुमारे दुप्पट झाली. प्रौढांत फरक पडला नाही. २०११ मधील मेंदूचित्रणात तर, मित्र शेजारच्या खोलीतून पाहत आहेत एवढे कळताच किशोरांच्या मेंदूतील लाभाची ओढ जागविणारे भाग अधिक कार्यरत झाले.

चरकसंहितेच्या विमानस्थानात सोळा ते तीस या वयात धातुगुण वाढत असले तरी सत्त्व बहुधा अनवस्थित असते, असे सांगितले आहे. विषयांकडे धावणाऱ्या मनाला आवरते ती धृती. किशोराची धी शाबूत असते, ढळते ती धृती, असे आम्हांस वाटते. दोन्ही शास्त्रांची परिभाषा एकच मानणे हेही एक धाडसच होय. तरी चिकित्सकाला ही दृष्टी उपयोगी पडते.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे. सोबत त्याचे मित्र होते. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि टीकेची झोड उठली. आम्हांस त्यात निराळीच उणीव दिसते. निबंध एकट्याने लिहावयाचा असतो, आणि एकटा असताना हा मुलगा बहुधा योग्य तेच लिहील.

अल्पवयीनाच्या हाती वाहन दिल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे कलम आम्ही पालकांना आवर्जून सांगतो. मुलाला एकट्याला उपदेश करणे मात्र आम्ही जवळजवळ सोडले आहे. व्रणाची पट्टी बदलण्यास तो येतो तेव्हा दोघे-तिघे मित्र बाहेर उभे असतातच. त्यांना आत बोलावून व्रण दाखवावा आणि मागे बसणाऱ्याने "हळू चालव" म्हटले तर त्याची थट्टा होते का, हे त्यांनाच विचारावे.