15 लाखांच्या आतली निवडणूक

आपलं गाव, आपली पालिका : भाग 7

डिसेंबर 2020. नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यातलं उमराणे हे कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. मंदिराच्या बांधकामाचं निमित्त करून गावात सरपंचपदासाठी जाहीर बोली लागली आणि चढत चढत 2 कोटी 5 लाख रुपयांवर थांबली. त्याच सुमारास नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही अशीच बोली 42 लाखांवर गेली. चित्रफिती मोबाईलवरून फिरल्या, बातम्या आल्या, चौकशी झाली. मतदान 15 जानेवारी 2021 रोजी व्हायचं होतं. त्याच्या दोन दिवस आधी राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली.

आता दुसरा आकडा. त्या वेळी ग्रामपंचायत सदस्यपदाच्या उमेदवाराला सर्वांत मोठ्या, म्हणजे 15 किंवा 17 सदस्यांच्या गावातही 50 हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करायची परवानगी नव्हती. सात-नऊ सदस्यांच्या गावात तर अवघे 25 हजार. कागदावरची निवडणूक हजारांत आणि पारावरची कोटींत! स्थानिक निवडणुकीतल्या पैशाचे नियम समजून घ्यायचे तर या दोन आकड्यांमधल्या दरीतूनच वाट काढावी लागते.

मागच्या भागात उमेदवारी अर्ज आणि शपथपत्र पाहिलं. अर्ज दाखल झाला की खर्चाचा हिशेब सुरू होतो. लोकसभा-विधानसभेची मर्यादा केंद्र सरकार ठरवतं आणि अंमलबजावणी भारत निवडणूक आयोग पाहतो. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात 2022 पासून ती लोकसभेसाठी 95 लाख आणि विधानसभेसाठी 40 लाख आहे. ग्रामपंचायत ते महापालिका हा सगळा कारभार मात्र राज्य निवडणूक आयोगाचा. 73व्या आणि 74व्या घटनादुरुस्तीनंतर, 1994 मध्ये, महाराष्ट्रात हा आयोग उभा राहिला. तोच मर्यादा ठरवतो, तोच हिशेब मागतो.

2025 मध्ये आयोगाने मर्यादा वाढवल्या. मुंबई, पुणे आणि नागपूर या महापालिकांत नगरसेवकपदाच्या उमेदवाराला 15 लाख. पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाण्यात 13 लाख. त्याखालच्या गटांत 11 आणि 9 लाख. अ वर्ग नगरपरिषदेच्या नगराध्यक्षपदाला 15 लाख, तर तिथल्या सदस्याला 5 लाख. नगरपंचायतीत अध्यक्षाला 6 लाख आणि सदस्याला सव्वादोन लाख. मुंबईची मर्यादा 2017 मध्ये 10 लाख होती, म्हणजे दीडपट वाढ झाली.

ही रक्कम मोठी की लहान? मुंबईत मतदार 1 कोटी 3 लाखांहून अधिक, प्रभाग 227. एका प्रभागात सरासरी 45 हजार मतदार धरले तर माणशी साधारण 33 रुपये पडतात. त्यात पत्रकं, मतदार चिठ्ठ्या, प्रचाराची रिक्षा, सभेचा मंडप, खुर्च्या, ध्वनिवर्धक, मतदानाच्या दिवशी बूथवर बसणाऱ्या कार्यकर्त्यांचं जेवण, सगळं बसवायचं. नवख्या, पक्षाविना लढणाऱ्या उमेदवाराला 15 लाख उभे करणंच कठीण जातं. प्रस्थापिताला ते पहिल्या आठवड्यालाही पुरत नाहीत, असं प्रभागातले कार्यकर्ते उघड सांगतात. पुण्यात प्रभाग चार सदस्यांचा, त्यामुळे एका पॅनेलची एकत्रित मर्यादा 60 लाखांवर जाते. प्रचारफेरी एक, उमेदवार चार, म्हणून खर्चही चौघांत वाटला जातो. एखादा उमेदवार मर्यादेच्या जवळ पोहोचला की त्याच्या वाट्याचा भार पॅनेलमधल्या दुसऱ्याच्या नावावर टाकायला इथे वाव मिळतो.

हिशेबाची पद्धत कागदावर चोख आहे. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं, व्यवहार त्यातून करायचे, रोजचा खर्च पावत्यांसह कळवायचा. आयोगाने त्यासाठी ‘ट्रू व्होटर’ नावाचं मोबाईल ॲपही आणलं. चहा, वडापाव, पुष्पहार, ढोलताशा, फ्लेक्स, गाडीचं भाडं अशा वस्तू-सेवांचे दर प्रशासन आधीच ठरवून देतं. उमेदवाराने ‘चहा मित्राने पाजला’ असं सांगितलं तरी त्या दराने तो चहा त्याच्या खात्यावर चढवता यावा, हा त्यामागचा हेतू. दरवेळी या दरपत्रकाच्या गमतीदार बातम्या होतात, पण यंत्रणेच्या हातातलं हे सर्वांत उपयोगी हत्यार आहे. पथकाने सभेतल्या खुर्च्या मोजल्या, तर त्या आकड्याला दराने गुणून उमेदवाराच्या हिशेबाशी ताडून पाहता येतं.

अडचण सुरू होते ती तारखांपाशी. हिशेब धरला जातो तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा. जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीत अर्ज भरायला 23 डिसेंबरला सुरुवात झाली आणि निकाल 16 जानेवारीला लागला. म्हणजे पहिल्या दिवशी अर्ज भरणाऱ्याचेही फार तर 25 दिवस मोजले गेले. इच्छुकांची निवडणूक मात्र त्याआधी कितीतरी महिने सुरू झालेली असते. श्रावणात महिलांसाठी तुळजापूर-शिर्डीच्या बस सुटतात. दहीहंडीला बक्षिसं लागतात. नवरात्रात ‘खेळ पैठणीचा’ रंगतो, दिवाळीत फराळाची आणि उटण्याची पाकिटं घरपोच येतात. मंचामागच्या फलकावर ‘भावी नगरसेवक’ हसत उभे असतात. यातला एक रुपयाही निवडणूक खर्चात येत नाही, कारण कायद्याच्या लेखी ते अजून उमेदवारच नसतात.

दुसरी पळवाट जुनी, दिल्लीची आहे. 1971 च्या लोकसभा निवडणुकीतल्या दिल्ली सदर मतदारसंघाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात 1974 मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरायला हवा. चावलांची निवड रद्द झाली. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढून पक्षाचा आणि मित्रांचा खर्च मर्यादेबाहेर नेला. 2003 च्या दुरुस्तीने ती पळवाट अरुंद झाली, तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचार उमेदवाराच्या खात्याबाहेरच राहिला. लोकसभा-विधानसभेत पक्षाच्या खर्चाला आजही वरची मर्यादा नाही. उमेदवाराचा खर्च वेगळा आणि पक्षाचा वेगळा, ही विभागणी आता गल्लीपर्यंत मुरली आहे.

आणि मग मतदानाची आदली रात्र. डिसेंबर 2016 मध्ये, नगरपालिका निवडणुकांच्या धामधुमीत, भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे पैठणच्या सभेत म्हणाले, की मतदानाच्या आदल्या दिवशी लक्ष्मी घरी येते, तिचं स्वागत करा. राज्य निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस धाडली. गावोगाव ज्याला ‘लक्ष्मीदर्शन’ म्हणतात, ते व्यासपीठावरून इतकं उघड क्वचितच बोललं गेलं असेल. पैसे वाटणं हा मर्यादा ओलांडण्याचा प्रश्नच नाही, तो सरळ फौजदारी गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत मतासाठी लाच दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जेवणावळ घातली, दारू पाजली तर फक्त दंड. उमेदवाराच्या लेखी परवानगीवाचून त्याच्यासाठी खर्च करणाऱ्याला 10 हजारांपर्यंत आणि हिशेब न ठेवणाऱ्याला 5 हजारांपर्यंत दंड. जुन्या दंडसंहितेत हे दोन्ही दंड 500 रुपयांचे होते. वाढ भरघोस दिसते, पण एका फ्लेक्सच्या खर्चाशी तुलना केली की तिचा धाक कितपत असेल ते कळतं.

खरा दात आहे तो दुसरीकडे. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो. जिंकलेल्याने, हरलेल्याने, अगदी एक रुपयाही खर्च न केलेल्यानेही. दिला नाही तर अपात्रता. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 ब नुसार ती पाच वर्षांची असू शकते आणि तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेला आहे. या कलमाखाली तालुक्यातालुक्याच्या याद्या निघतात. त्यांत भरणा बहुतेक हरलेल्यांचा असतो. पराभवानंतर कचेरीकडे कोण फिरकतो? राखीव जागेवर घरच्यांनी उभं केलेल्या, कागदपत्रं कधी हातातच न आलेल्या बायकाही या यादीत सापडतात. पुढच्या निवडणुकीला अर्ज बाद झाला की तेव्हा पहिल्यांदा समजतं.

नांदेड जिल्ह्यातलं असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी 2020 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की सरसकट पाच वर्षांची शिक्षा यांत्रिकपणे ठोकता येणार नाही. चूक कशी झाली, किती गंभीर आहे, हे पाहून मुदत ठरवायला हवी. निकाल महत्त्वाचा होता, पण कायद्याचा मूळ कल त्याने बदलत नाही. हिशेबच न देणारा पकडला जातो. व्यवस्थित पावत्या लावून मर्यादेच्या आतला हिशेब देणारा, प्रत्यक्षात कितीही उधळपट्टी केली असली तरी, बहुधा सुटतो. यंत्रणा वही तपासते. वहीबाहेरचा पैसा शोधायला तिच्याकडे माणसंही कमी आणि दिवसही कमी.

पक्षांवरही हिशेबाचं बंधन आहे. प्राप्तिकर विवरणपत्र आणि लेखापरीक्षण अहवाल दिले नाहीत म्हणून राज्य निवडणूक आयोगाने जुलै 2016 मध्ये 191 पक्षांची नोंदणी रद्द केली होती, आणि त्यांत एमआयएमचंही नाव होतं. कागद न देण्याचीच ही शिक्षा होती, हे इथेही लक्षात येईल.

महापालिकांच्या उमेदवारांची 30 दिवसांची मुदत फेब्रुवारी 2026 च्या मध्यापर्यंत होती. त्यानंतर आपल्या प्रभागातल्या उमेदवाराचा हिशेब माहिती अधिकारात मागता येतो. तो हातात आला तर तीन नोंदी आधी पाहाव्यात : किती सभा दाखवल्या, किती गाड्या दाखवल्या आणि कार्यकर्त्यांच्या जेवणावर किती दिवस खर्च लावला. या तीनही गोष्टी प्रभागातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. तफावत आढळली तर तारीख, ठिकाण आणि छायाचित्रासह आयोगाकडे लेखी तक्रार करावी. नुसत्या ‘पैसा फार वाहिला’ या वाक्यावर कोणताही अधिकारी चौकशी सुरू करू शकत नाही.

पुढील भागात : राखीव जागा आणि जातवैधता प्रमाणपत्र. निवडून आल्यानंतरही नगरसेवकपद का जातं?