गाडीची हवा मोजणारी तार

शेतकरी बंधूंनो, भाजीपाला घेऊन बाजाराला निघालेली पेट्रोलची गाडी चढाला ओढेनाशी झाली, की आपण म्हणतो, पेट्रोलात भेसळ आहे. पण कधी कधी खोट हवेच्या मापात असते.

एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, म्हणजे जवळजवळ १२ हजार लिटर! जुन्या गाडीत हे प्रमाण कार्बोरेटर सांभाळी. आताच्या पुष्कळ गाड्यांत एअर फिल्टरनंतरच्या नळीत हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यातली बारीक तार किंवा पातळ पट्टी विजेने तापवलेली असते. बशीतला चहा जोराने फुंकला की लवकर निवतो ना, तसेच इथे घडते. हवा जास्त आली की तार जास्त निवते व तिला गरम ठेवायला जास्त वीज लागते. त्यावरून गाडीतला छोटा संगणक हवेचे वजन काढतो आणि त्या मापाने पेट्रोल सोडतो. काही गाड्यांत तारेऐवजी हवेचा दाब व तापमान मोजतात.

तारेवर धूळ बसली, की ती कमी निवते. संगणकाला वाटते हवाच कमी आली. तो पेट्रोल कमी देतो आणि गाडी ओढत नाही.

तेव्हा एवढे करा :

१. फिल्टर पुस्तिकेप्रमाणे बदला. रस्ता धुळीचा असेल तर आधीच तपासा.

२. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. फाटका फिल्टर वापरू नका आणि फिल्टरवाचून गाडी चालवू नका.

३. तारेला बोट किंवा फडके लावू नका. सफाई मेस्त्रीकडून, त्यासाठीच्या खास फवाऱ्यानेच करून घ्या.

फिल्टर स्वस्त पडतो, सेन्सर महाग. हे ध्यानात ठेवा.