ओतीव मस्तक आणि मुखवटा

ब्राँझचें एक मस्तक डोळ्यांपुढें आणा. मानेवर लांबट, गुळगुळीत असा धातूचा गोळा. डोळ्यांच्या जागीं दोन उथळ खळगे, नाकाची एक धार, ओठ नुसते सुचविलेले, कान तर नाहींतच. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींत अशीं मस्तकें बरींच घडलीं. त्यांचें छायाचित्र दाखविलें कीं आमच्याकडील शिकलेला माणूसहि विचारतो, "यांत माणूस कोठें आहे?" प्रश्न प्रामाणिक आहे, हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पण विचारणाराच्या घरींच त्याचें अर्धें उत्तर ट्रंकेंत ठेवलेलें असतें, असें मला वाटतें.

संग्रामपुरासारख्या वऱ्हाडांतील गांवीं भाद्रपदांत महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडे त्यांनाच गौरी म्हणतात. ज्येष्ठा व कनिष्ठा यांचे पितळी मुखवटे वर्षभर फडक्यांत गुंडाळलेले असतात. ते बाहेर काढून चिंचेनें घांसले, कोठीवर बसविले, खालीं लुगडें नेसविलें, कीं देवी उभी राहिली. देह कोठीचा, मुख तेवढें धातूचें. आणि तें तरी कसें? भुवया म्हणजे दोन कमानी, डोळे मोठे व एकसारखे, ओठांवर हंसूं आहे कीं नाहीं हें सांगतां न येण्याजोगें. पहिल्या दिवशीं घरांतल्या बायका म्हणतात, "किती प्रसन्न दिसतात!" तिसऱ्या दिवशीं निरोपाच्या वेळीं त्याच म्हणतात, "बघा, चेहरा कसा उतरला." पितळ तर तेंच! मुखवट्यानें कोणताच भाव पक्का करून टाकलेला नसतो, म्हणून आनंद आणि वियोग दोन्ही त्यांत मावतात.

माहूरास याच्याहि पुढची पायरी आहे. तेथें रेणुकेची मूर्ति नाहीं, तांदळा आहे; म्हणजे हातपाय न घडविलेलें, शेंदुरानें माखलेलें केवळ मुख. परशुरामानें बजावूनहि उतावळेपणानें मागें पाहिलें, तोंवर आईचें मुख तेवढेंच भूमींतून वर आलें होतें, अशी कथा सांगतात. वऱ्हाडांतील कित्येक घराण्यांची ही कुलदेवता. गाभाऱ्यांत उभें राहून "हात कोठें आहेत?" असें विचारणारा भाविक माझ्या पाहण्यांत आलेला नाहीं.

आतां कोणी म्हणेल, "डोळे, कान नीट काढतां येत नाहींत, म्हणून ही पळवाट." ओतकामाची रीत ज्यास ठाऊक आहे तो असें म्हणणार नाहीं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकांतील ग्रंथांत ती सांगितली आहे. आधीं मूर्ति मेणाची करावयाची, तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, लेप वाळल्यावर तापवून मेण वाहूं द्यावयाचें, आणि रिकाम्या झालेल्या पोकळींत वितळलेली धातु ओतावयाची. मेणाच्या वजनाच्या बारापट चांदी, सोळापट सोनें, असा हिशेबहि तेथें आहे. युरोपांतहि ब्राँझ ओतण्याची जुनी रीत हीच. मेणावर बोटाचा ठसा उमटतो आणि तोहि धातूंत उतरतो. तेव्हां जेथें पापणी दिसत नाहीं, तेथें ती जाणूनबुजून वगळलेली असते.

मग वगळली कां? जर्मनीपुरतें याचें उत्तर कडू आहे. नाझी राजवटीनें आर्नो ब्रेकर या शिल्पकारासाठीं बर्लिनच्या डालेम भागांत भव्य शिल्पशाळा बांधविली होती. त्याचे पुतळे पिळदार, रेखीव, निर्दोष; आणि त्या निर्दोष देहांच्या आड काय चाललें होतें तें जगानें १९४५ त पाहिलें. बर्नहार्ड हायलिगर (१९१५–१९९५) हा त्याच ब्रेकरजवळ शिकलेला. १९४९ पासून त्याच इमारतींत राहून त्यानें मस्तकें घडविलीं. बर्लिनचे महापौर एर्न्स्ट रॉयटर यांच्यासारख्यांचीं तीं आहेत. पण नाकडोळे जणूं पाण्यानें झिजले आहेत, आणि तरी माणूस ओळखूं येतो. ज्यास घोटीव वीरमुखाचा वीट आला, त्यानें मुखच जपून, चांचपडत पुन्हां घडविलें, असें मी समजतों. आमचा मुखवटा श्रद्धेनें मोकळा राहिला, त्यांचें मस्तक अविश्वासानें. हा भेद मला लहान वाटत नाहीं.

म्हणून यथार्थ शिल्प हीन ठरतें असें मात्र नव्हे. विनायक पांडुरंग करमरकर यांचा १९२८ सालचा पुण्यांतील अश्वारूढ शिवाजी पाहावा. तेथें घोड्याच्या अंगावरील शीर न् शीर बोलते, आणि तीच तेथें हवी. उलट नव्या मस्तकांतहि आळशी काम पुष्कळ असतें. तें ओळखावयाचें कसें? मस्तकाभोंवतीं फिरून पाहावें. ब्राँझवर उजेड सरकतो, खळग्यांतली सावली बदलते. चार पावलें टाकल्यावर जें मस्तक पुन्हां थांबावयास लावतें, तें खरें घडविलेलें. जें एका नजरेंत संपतें, तो नुसता गोळा. हा प्रयोग करावयास बर्लिनला जाण्याचें कारण नाहीं; महालक्ष्म्यांसमोर समई एका बाजूची दुसऱ्या बाजूस ठेवून पाहिली तरी पुरे.